ग्लॉक ४४ सरावासाठी घ्यावं का? एका प्रशिक्षिकेचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, गेल्या वर्षी ९ एमएमचं ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जाता. उजव्या हाताने मारता आणि गोळ्या सतत खाली डावीकडे जातात. ९ एमएमच्या डब्यांचा खर्च आता जाणवू लागलाय. वहिनींनाही शिकायचंय, पण तुमच्या पिस्तुलाचा धक्का आणि आवाज त्यांना झेपत नाही. २०२० च्या जानेवारीत ग्लॉकने .२२ एलआर या लहान, कमी जोराच्या काडतुसाचं ग्लॉक ४४ दुकानात आणलं. तर ते घ्यावं, त्याहून स्वस्त टॉरस टीएक्स२२ घ्यावं, की आहे त्या ग्लॉकवरच .२२ची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, बसवावी? शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की वहिनी सध्या स्वतःच्या एच-वन-बी व्हिसावर आहेत. ही बाब जाता जाता लिहिण्यासारखी नाही. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय आणि तेवढं वाचल्याशिवाय वहिनींना रेंजवर नेऊ नका.

पिस्तुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे ग्लॉक १९ आहे त्याने सरावासाठी ग्लॉक ४४ जरूर घ्यावं. मात्र ट्रिगर शिकण्यासाठी घ्यावं. धक्का सांभाळायला ते शिकवणार नाही आणि तशी अपेक्षा ठेवली तर वर्षभराने तुम्ही निराश व्हाल.

हातात घेतल्यावर सगळ्यात आधी वजन जाणवतं, किंबहुना वजन नसणं जाणवतं. रिकाम्या मॅगझीनसकट (गोळ्या भरायची पेटी) ग्लॉक ४४ साधारण ४१५ ग्रॅम भरतं आणि तुमचं १९ साधारण ६७० ग्रॅम. बाहेरून मात्र दोन्ही सारखीच आहेत. पकड तीच, लांबी-उंची तीच, नळी चार इंचांचीच. तुमच्या १९ च्या होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) ४४ बसतं. मुठीच्या मागे लावायचे जाड-बारीक पट्टे आहेत, स्लाइड थांबवायची कळ दोन्ही बाजूंना आहे आणि मागचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, स्क्रूने हलवता येतं. मॅगझीन दहा गोळ्यांचं आहे.

एवढं हलकं का, हे समजून घेतलंत तर या पिस्तुलाचे गुण आणि मर्यादा दोन्ही आपोआप कळतील. ९ एमएममध्ये गोळी उडते त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून थोड्या मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड मोकळी होऊन पुढचा प्रवास एकटी करते. .२२मध्ये या अडकवण्याची गरजच नसते. नळी जागची हलत नाही, रिकामी होणारी पुंगळीच स्लाइडला मागे रेटते आणि तिला रोखायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग असते. .२२मध्ये मुळात जोर कमी. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी पिस्तुलातून सेकंदाला हजार-अकराशे फुटांच्या वेगाने निघते. ९ एमएमची ११५ ग्रेनची गोळी साधारण साडेअकराशे फुटांनी निघते. वजन आणि वेगाचा गुणाकार करून पाहा, .२२चा रेटा जेमतेम एक तृतीयांश येतो. १९ च्या आकाराची सबंध पोलादी स्लाइड एवढ्या रेट्याने पूर्ण मागे जाणारच नाही.

म्हणून .२२ बनवणाऱ्या प्रत्येकाला स्लाइड हलकी करावी लागते. वॉल्थरने २००२ च्या पी२२ मध्ये जस्ताच्या मिश्रधातूची स्लाइड वापरली, रुगरने २०१२ च्या एसआर२२ मध्ये अॅल्युमिनियमची. स्मिथ अँड वेसनने २०१४ मध्ये एम अँड पी २२ कॉम्पॅक्ट आणलं तेव्हा अख्खं पिस्तूलच मूळच्या आकारापेक्षा थोडं लहान केलं. ग्लॉकने वेगळा मार्ग काढला. जिथे पोलाद लागतंच तिथे पोलाद, बाकीची स्लाइड पॉलिमरची, म्हणजे कडक प्लास्टिकची. त्यामुळे आकार पूर्ण राहिला आणि वजन गेलं. सरावाच्या पिस्तुलासाठी मला हा निर्णय पटतो, कारण हाताला आकाराची सवय लागते. मूठ किती वर धरायची, अंगठे कुठे ठेवायचे, होल्स्टरमधून काढल्यावर साइट डोळ्यांसमोर कुठे येतं, हे सगळं आकारावर ठरतं. लहान केलेल्या पिस्तुलावर लागलेल्या सवयी मोठ्यावर थोड्या चुकतात.

आता खाली डावीकडच्या गोळ्या. दोन्ही पिस्तुलांचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास ओढावा लागतो. पंधरा गोळ्या भरलेलं १९ साडेआठशे ग्रॅमच्या घरात जातं. दहा गोळ्या भरलेलं ४४ साडेचारशेच्या आत राहतं. म्हणजे १९ वर तुमचं बोट पिस्तुलाच्या वजनाच्या तिप्पट जोर लावतं आणि ४४ वर साडेपाचपट. बोटाने सरळ मागे न ओढता जरासा बाजूला रेटा दिला, किंवा ट्रिगर सुटण्याच्या क्षणी उरलेली बोटंही आवळली, तर हलकं पिस्तूल जड पिस्तुलापेक्षा जास्त वळतं. ४४ सोपं असेल, पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या मधोमध बसतील, असं वाटून लोक ते घेतात. प्रत्यक्षात ट्रिगरवरची चूक ते जास्त ठळक दाखवतं. माझ्या मते या पिस्तुलाचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे आणि जाहिरातीत तो कुठेच नाही.

पण गोळ्या खाली डावीकडे जाण्याची दोन कारणं असू शकतात आणि ती आधी वेगळी करायला हवीत. पुढच्या खेपेला रेंजवर मित्राला सोबत न्या. त्याला तुमचं ९ एमएमचं मॅगझीन भरू द्या आणि मध्येच दोन-तीन प्लास्टिकची खोटी काडतुसं घालायला सांगा. ती कितवी आहेत हे तुम्हाला कळता कामा नये. मग नेहमीसारखं मारा. खोट्या काडतुसावर ट्रिगर सुटेल तेव्हा आवाज होणार नाही, धक्का बसणार नाही, आणि त्या क्षणी पुढचं साइट काय करतं ते तुम्हाला लख्ख दिसेल. पिस्तुलाचं तोंड एकदम इंचभर खाली आपटलं, खांदे पुढे आले, डोळे मिटले, तर तुम्ही धक्क्याची वाट बघत आधीच दचकताय. तोंड खाली न जाता साइट नुसतंच डावीकडे सरकलं, तर दोष बोटाचा आहे.

बोटाचा दोष ४४ वर नक्की निघतो. दचकणं मात्र ४४ वर बरं झाल्यासारखं वाटतं आणि १९ हातात घेतलं की पहिल्या पाच गोळ्यांत परत येतं. दचकण्यावर .२२चा उपयोग एका ठरावीक पद्धतीने होतो. .२२वर मन शांत झालं की लगेच, त्याच पकडीत, ९ एमएमच्या दोन-तीन गोळ्या मारायच्या आणि परत .२२वर यायचं. शरीराला कळायला हवं की क्रिया तीच आहे, फक्त आवाज वाढलाय. दिवसभर .२२ आणि पुढच्या महिन्यात ९ एमएम असं केलंत तर दोन्हींचा संबंध लागत नाही.

.२२ने धक्क्याचा सराव होत नाही, ही अडचण जुनीच आहे. कोल्टने १९३१ मध्ये आपल्या .४५च्या प्रसिद्ध पिस्तुलाची .२२ आवृत्ती काढली. तिचं नाव एस (Ace), आणि उद्देश हाच, स्वस्तात सराव. पण .४५ हाताळणाऱ्यांना ती फार मऊ वाटायची. तेव्हा डेव्हिड मार्शल विल्यम्स या संशोधकाने नळीच्या मागच्या भागात सरकती चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बसवली. .२२चा वायू या चेंबरला मागे ढकलायचा आणि ती स्लाइडवर आदळायची, त्यामुळे धक्का कितीतरी वाढायचा. १९३७ मध्ये ती सर्व्हिस एस म्हणून बाजारात आली. ग्लॉकने असं काही केलेलं नाही, आणि मला त्याची खंतही नाही. यंत्रणा साधी असली की साफसफाई सोपी होते, बिघडायला कमी जागा राहतात, आणि नवशिक्यासाठी मऊ पिस्तूलच हवं असतं. फक्त तुम्ही हे लक्षात ठेवा की पटापट दोन गोळ्या मारण्याचा सराव ४४ वर केलात तर वेग फसवा मिळतो. साइट जागचं फारसं हलतच नसल्यामुळे पकड सैल असली तरी दुसरी गोळी जवळच बसते. त्याच सैल पकडीने १९ वर दुसरी गोळी टार्गेटच्या वरच्या कडेला जाईल. म्हणून ४४ वरही मूठ १९ इतकीच घट्ट धरायची. डाव्या हाताचा जोर जास्त, उजव्याचा कमी. दर मॅगझीनच्या सुरुवातीला ही आठवण स्वतःला करून द्या.

खर्चाचं गणित सरळ आहे. २०२० च्या सुरुवातीला ९ एमएमच्या पन्नास साध्या गोळ्या नऊ-दहा डॉलरला मिळत होत्या, म्हणजे गोळीला अठरा ते वीस सेंट. चांगली .२२ आठ सेंटच्या आत पडत होती. गोळीमागे बारा सेंट वाचले असं धरू. ग्लॉक ४४ ची कंपनीने ठरवलेली किंमत तेव्हा ४३० डॉलर होती, दुकानात चारशेच्या आसपास मिळत होतं. चारशे डॉलर वसूल व्हायला साधारण ३३०० गोळ्या लागतात. तुम्ही खेपेला दीडशे मारता म्हणालात, म्हणजे महिन्याला तीनशे. त्यातल्या दोनशे .२२च्या केल्या तर दीड वर्षाच्या आत पिस्तूल फिटलं. वहिनीही मारू लागल्या तर आणखी लवकर. पण खरं सांगायचं तर बरेच जण गोळ्या स्वस्त झाल्या म्हणून दुप्पट मारतात, पैसे वाचत नाहीत आणि टार्गेटही बदलत नाही. डबा उघडण्याआधी आज काय सुधारायचंय ते ठरवा.

गोळ्या कुठल्या घ्यायच्या, याला .२२मध्ये ९ एमएमपेक्षा जास्त महत्त्व आहे. .२२ एलआर हे १८८७ पासूनचं काडतूस आहे. त्याचा पेटवायचा मसाला बुडाच्या मधोमध नसून कडेच्या घडीत असतो. काडतूस बनताना तो मसाला ओला असतो आणि गोल फिरवून कडेत पसरवतात. एखाद्या ठिकाणी तो पोचला नाही आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आपटली, तर काडतूस पेटत नाही. हजार सुट्या गोळ्यांच्या स्वस्त डब्यांत हे होतंच, आणि तेव्हा दोष पिस्तुलाचा नसतो. सुरुवातीचे काही डबे सीसीआय मिनी-मॅगचे घ्या. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ४० ग्रेनची गोळी आहे, आणि डब्यावर लिहिलेला १२३५ फुटांचा वेग रायफलच्या लांब नळीतला असला तरी पिस्तुलातही स्लाइड हलवायला पुरतो. पिस्तूल त्यावर नीट चाललं की मग स्वस्त गोळ्या थोड्या थोड्या आणून पाहा आणि ज्या चालतील त्याच घ्या. वेग मुद्दाम कमी ठेवलेल्या, अगदी मंद गोळ्या नकोत. स्लाइड अर्धवट मागे जाते, पुंगळी अडकते आणि माणूस पिस्तुलाला दोष देत बसतो.

गोळी पेटली नाही तर काय करायचं हे वहिनींना पहिल्या दिवसापासून शिकवा. पिस्तूल टार्गेटकडेच धरून ठेवायचं, बोट ट्रिगरवरून काढायचं, मनात तीस आकडे मोजायचे आणि मगच स्लाइड ओढून काडतूस बाहेर काढायचं. मसाला उशिरा पेटण्याची शक्यता कमी असते, पण असते. आवाज नेहमीपेक्षा अगदीच फुसका आला तर पुढची गोळी मारायचीच नाही. पिस्तूल रिकामं करून नळीत आरपार उजेड दिसतो का ते आधी पाहायचं.

मॅगझीन भरतानाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. .२२च्या पुंगळीची कड बाहेर आलेली असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली की दोघी एकमेकींत अडकतात आणि वर सरकत नाहीत. ग्लॉक ४४ च्या मॅगझीनला बाजूने बटणं आहेत. ती ओढली की आतला दट्ट्या खाली जातो आणि बोटं न दुखता गोळ्या भरता येतात. घाईत लोक बटण तळापर्यंत ओढतात आणि वरून गोळ्या सोडतात. मग त्या आत आडव्यातिडव्या पडतात. बटण एका गोळीपुरतंच खाली करा, एक गोळी ठेवा, परत तेवढंच. भरून झाल्यावर बाजूच्या फटीतून पाहा, सगळ्या गोळ्यांची तोंडं एका रेषेत थोडी वर दिसायला हवीत.

घरी रिकाम्या पिस्तुलाने ट्रिगरचा सराव करणार असाल तर तो १९ वरच करा. .२२मध्ये फायरिंग पिन कडेवर आपटायला बनलेली असते आणि समोर काडतूस नसेल तर ती चेंबरच्या काठावर आपटू शकते. कधी ४४ वर करायचाच असेल तर आत खोटं काडतूस हवं. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लास्टिकचे प्लग मिळतात, त्यातला योग्य मापाचा प्लग .२२च्या चेंबरमध्ये बरोबर बसतो. रेंजवरचे जुने लोक हेच वापरतात. गोळ्या मात्र दुसऱ्या खोलीत हव्यात, यात तडजोड नाही.

आता बाकीचे दोन पर्याय. टॉरस टीएक्स२२ २०१९ मध्ये आलं. मॅगझीनमध्ये सोळा गोळ्या, अॅल्युमिनियमची स्लाइड, हलका ट्रिगर आणि किंमत ग्लॉकपेक्षा कमी. तुमच्याकडे कुठलंच पिस्तूल नसतं तर मी तुम्हाला तेच सुचवलं असतं, कारण मारायला ते जास्त सुखाचं आहे. पण त्याचा ट्रिगर १९ सारखा नाही, पकडीचा कोन वेगळा आहे आणि होल्स्टर निराळं लागतं. तुम्हाला १९ सुधारायचंय, म्हणून ४४. दहा गोळ्यांची मर्यादा टेक्सासमध्ये खटकते हे खरं, तरी सरावात दहा गोळ्यांनंतर थांबून टार्गेट पाहणं फायद्याचंच ठरतं. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मात्र हीच दहा गोळ्यांची मर्यादा सोयीची आहे, कारण तिथला कायदाच तेवढी परवानगी देतो. कॅलिफोर्नियात प्रश्नच मिटतो. राज्याच्या मंजूर यादीत हे पिस्तूल नसल्यामुळे तिथला दुकानदार ते नवं विकू शकत नाही.

१९ वर बसवायची .२२ची स्लाइड आणि नळी, म्हणजे कन्व्हर्जन किट, हा जुना मार्ग आहे. त्यात तुमचाच ट्रिगर, तुमचीच पकड राहते, हा मोठा फायदा. पण किंमत पिस्तुलाच्या जवळपास जाते आणि रेंजवर दोन्ही प्रकार आलटून पालटून मारायचे तर दर वेळी पिस्तूल उघडून बदलावं लागतं. दचकण्यावरचा जो उपाय वर लिहिलाय तो तर दोन पिस्तुलं शेजारी ठेवूनच जमतो.

काही पालक विचारतात की मुलीला २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळायचंय, तर हे चालेल का. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तोच हा प्रकार, आणि त्यात .२२ एलआरच लागतं. पण त्या खेळाची पिस्तुलं वेगळी. ट्रिगर किमान एक किलोचा असावा एवढीच अट, त्यामुळे तो अडीच किलोपेक्षा खूप हलका ठेवतात, आणि मूठ हाताच्या मापाने कोरलेली असते. ४४ त्या वाटेवरचं पिस्तूल नाही.

आणि वहिनींच्या व्हिसाबद्दल. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन सगळे त्यात येतात. बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं, नवऱ्याच्या पिस्तुलाने दहा गोळ्या मारणं, हेही त्यातच येतं. हा साधा दंड भरून सुटण्याचा गुन्हा नाही. गंभीर फौजदारी गुन्हा आहे आणि त्याचा थेट परिणाम व्हिसावर, पुढच्या ग्रीन कार्डवर होऊ शकतो. आपल्या मंडळींमध्ये ही माहिती फार कमी आहे. टीमसोबत मजा म्हणून रेंजवर जाणारी एच-वन-बीवरची मुलं मी पाहते आणि काउंटरवरचा माणूस दर वेळी विचारतोच असं नाही.

कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला सर्वसामान्यांच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. ते जवळ असेल आणि मुदतीत असेल तर मनाई लागू होत नाही. टेक्सासमध्ये हे लायसन्स पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कोर्स अवघड नाही आणि बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल त्यात चांगलं शिकवतात, त्यामुळे वहिनींनी तो कसाही करावाच. शिकार करायलाच हवी असं नाही. मात्र लायसन्सची मुदत संपली की परवानगीही संपते, ती तारीख लक्षात ठेवायला हवी. हे सगळं करण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा लेखी विचारा. मी नेमबाजी शिकवते, वकील नाही, आणि पणाला वहिनींचा व्हिसा आहे. तोवर घरातलं १९ अशा तिजोरीत ठेवा जिचा आकडा फक्त तुम्हाला माहीत आहे. किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे असेल तर पिस्तूल त्यांच्याही ताब्यात आहे असा अर्थ काढला जाऊ शकतो. घरी मुलं असतील किंवा येत असतील तर टेक्सासचा कायदा आणखी एक जबाबदारी टाकतो. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं हाही गुन्हा आहे.

कागदपत्रं नीट झाली की वहिनींना ४४ वरच सुरू करा, १९ दाखवूसुद्धा नका. शनिवारी दुपारी बंदिस्त रेंजवर नेऊ नका. शेजारच्या लेनमधल्या रायफलचा दणका छातीत बसतो आणि नवीन माणूस .२२लाही दचकायला शिकतो. आठवड्यातली सकाळ निवडा, कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच गोळी भरा. ती मारली की स्लाइड मागे थांबते, पिस्तूल रिकामं होतं आणि त्या श्वास घेऊ शकतात. असं पाच-सात वेळा झालं की दोन गोळ्या, मग पाच. अंतर पाच यार्डांपेक्षा जास्त नको. शिकवणारे तुम्ही स्वतः असाल तर एका वेळी एकच सूचना द्या. जोडप्यांमध्ये नवरा एका दमात पकड, श्वास, डोळा, पाय सगळं सांगतो आणि वहिनी पिस्तूल ठेवून बाहेर येतात, हे मला वारंवार दिसतं. शक्यतो दुसऱ्या कुणाकडून शिकू द्या.

शिशाची काळजी .२२मध्ये जास्त घ्यावी लागते. गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर मेणाचं वंगण, आणि पेटवायच्या मसाल्यातही शिसं. मॅगझीन भरून बोटं काळी होतात ती त्यानेच. रेंजवर खाणंपिणं नको, निघताना साबण आणि गार पाण्याने हात-तोंड धुवा, घरी आल्यावर कपडे वेगळे टाका आणि मगच मुलांना जवळ घ्या. गरोदरपणात बंदिस्त रेंजवर जाऊच नये.

तुमच्या स्वतःच्या सरावासाठी एवढं करा. बी-८ नावाचा कागद घ्या, मधलं काळं वर्तुळ साडेपाच इंचांचं असतं. दहा यार्डांवर लावा. आल्या आल्या १९ ने पाच गोळ्या मारा, हात गरम होण्याआधी. त्या कागदावर तारीख टाकून तो बाजूला ठेवा, कारण तुमची खरी पातळी त्याच पाच गोळ्या दाखवतात. मग ४४ घ्या आणि दोन-तीन मॅगझीन अगदी सावकाश मारा. एक गोळी, मग ट्रिगर दाबलेलाच ठेवून साइट परत जागेवर येऊ द्यायचं, आणि मगच बोट टिचकी लागेपर्यंत पुढे सोडायचं. त्यानंतर एकट्या उजव्या हाताने आणि एकट्या डाव्या हाताने. हा सराव ९ एमएमवर लोक टाळतात, .२२वर मात्र तो गोडीने होतो. मध्ये मध्ये १९ च्या दोन-तीन गोळ्या आणि शेवटच्या पंचवीस-तीस पुन्हा १९ च्या. तीन महिन्यांनी पहिल्या पाच गोळ्यांचे कागद एका ओळीत लावून बघा. झुबका डावीकडून मध्याकडे सरकत असेल तर ४४ काम करतंय. ४४ चे कागद सुधारलेत आणि १९ चे तिथेच असतील तर प्रमाण बदला, ९ एमएम वाढवा.

वहिनींच्या हाताची बोटं आखूड असतील तर मुठीच्या मागचा पट्टा काढून पाहायला दुकानात सांगा. त्याशिवाय ट्रिगरपर्यंत बोट पोचतंय की नाही ते नीट कळणार नाही. अर्थात तेही लायसन्स हातात आल्यावरच. तुम्ही स्वतः घेण्याआधी मोठ्या रेंजवर ४४ आणि टीएक्स२२ दोन्ही भाड्याने मारून पाहा, मिनी-मॅगचा डबा सोबत न्या आणि रेंजवर बाहेरच्या गोळ्या चालतात का ते आधी फोन करून विचारा.